वर्लनचा डावा कान

नोव्हेंबरातल्या एका सकाळी वर्लन डीकलचा डावा कान गेला. दुखला नाही, वाहिला नाही, आदल्या दिवशी काही लागलंबिगलंही नव्हतं. तो उजव्या कुशीवर झोपला होता, म्हणजे चांगला कान उशीत. बायकोनं, नेल्डानं, खांदा हलवला तेव्हा त्यानं डोळे उघडले, तर तिचे ओठ हलत होते आणि आवाज येत नव्हता. त्याला वाटलं, ही मुद्दाम करतेय. उठून बसल्यावर आवाज आला, पण उजवीकडून आला. नेल्डा तर डावीकडे उभी होती.

पाणी गेलं असेल म्हणून आठवडाभर त्यानं कोमट तेल घातलं. मग थंडीनं दडा बसला असेल म्हणून आणखी महिना काढला. शेवटी मोबील शहरातल्या डॉक्टरकडे गेला, तेव्हा डॉक्टरनं सगळं तपासून सांगितलं की पहिल्या चार दिवसांत आला असता तर काही करता आलं असतं, आता हा कान परत येणार नाही. वर्लननं मान हलवली, गाडीत येऊन बसला आणि बराच वेळ किल्ली नुसती हातात धरून राहिला. घरी आल्यावर नेल्डाला म्हणाला, मळ होता, काढला त्यांनी.

हे खोटं त्यानं का सांगितलं, ते समजायला त्याचा धंदा समजला पाहिजे. वर्लनचा जन्म मोबीलच्या खाडीच्या तोंडाशी असलेल्या डॉफिन बेटावरचा. बाराव्या वर्षापासून तो बापाबरोबर कोळंबीच्या ट्रॉलरवर जायचा. पुढे परदेशी कोळंबी स्वस्तात यायला लागली, ट्रॉलर डिझेलचेही पैसे काढीना, तेव्हा त्यानं तो विकून चोवीस फुटी उघडी होडी घेतली आणि गिऱ्हाइकांना चार-पाच तासांसाठी किनाऱ्याजवळ मासे धरायला न्यायचा धंदा सुरू केला. सतरा वर्षं तो हेच करत होता. त्याच्यापेक्षा जास्त मासे मिळवून देणारे कॅप्टन बेटावर होते, त्याच्यापेक्षा गोड बोलणारे तर सगळेच होते. वर्लनची ख्याती निराळी होती. धुक्यात तो कानानं वाट काढायचा. खाडीत गॅस काढणाऱ्या प्रत्येक फलाटाचा भोंगा त्याला माणसाच्या आवाजासारखा वेगळा ओळखू यायचा, पाण्यावर तरंगणारा घंटेचा बोया किती लांब आहे हे तो हातानं दाखवायचा. वाट दाखवणारी यंत्रं सगळ्यांकडे होती, तरी धुकं उतरलं की बाकीचे कॅप्टन रेडिओवर विचारायचे, वर्लन कुठे आहे, त्याच्या मागे लागू या.

एका कानानं ऐकू येतं. सगळं ऐकू येतं. फक्त आवाज कुठून आला ते कळत नाही. ही गोष्ट वर्लनला हळूहळू समजत गेली, आणि जसजशी समजत गेली तसतशी त्याला आतून थंडी भरायला लागली. दुकानात कुणी हाक मारली की तो भलतीकडे वळायचा. अंगणात कुत्रं भुंकलं की ते कुंपणाच्या आत आहे की बाहेर, ते पाहिल्याशिवाय सांगता येत नसे. सगळे आवाज उजवीकडूनच यायचे, जणू डावीकडचं जग कुणी कापून नेलं होतं. मग तो युक्त्या शिकला. गिऱ्हाइकांना होडीत उजव्या अंगाला बसवायचं, तोल राहतो म्हणून सांगायचं. कोणी डावीकडून बोललं आणि हसलं की आपणही हसायचं. हिवाळ्यात ज्या दिवशी धुक्याचा अंदाज असे, त्या दिवशी त्याच्या इंजिनात काहीतरी बिघाड निघायचा. हिवाळ्यात गिऱ्हाईक थोडं, त्यामुळे ते खपून गेलं. पण एप्रिल आला. पाइनच्या झाडांचा पिवळा पराग धक्क्यावर, गाड्यांवर, पाण्यावर सगळीकडे साचला, खाडीच्या तोंडाशी मोठे लाल मासे जमायला लागले आणि वर्लनच्या वहीत एकही दिवस रिकामा उरला नाही.

त्यातल्या एका मंगळवारी हॉलिस प्रुइट आला. हा समुद्रापासून लांब, आतल्या डेमोपोलिस गावचा, गुराढोरांच्या खाद्याचं दुकान चालवून आता निवृत्त झालेला, मोठ्या आवाजाचा आणि मनाचा मोकळा माणूस. गेली पाच वर्षं तो वसंतात एकदा वर्लनकडे यायचाच. नेहमी त्याचा एक मित्र बरोबर असे. यंदा मित्राच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून हॉलिसनं थोरल्या बहिणीला आणलं होतं. तिचं नाव जुनेल, वय चौऱ्याहत्तर. सडपातळ बाई, शर्टाची सगळी बटणं गळ्यापर्यंत लावलेली, हातात उकडलेल्या शेंगांची पिशवी. खाऱ्या पाण्यावर ती जन्मात गेली नव्हती आणि तिला पोहता येत नव्हतं, या दोन्ही गोष्टी तिनं धक्क्यावरच वर्लनला सांगितल्या. मग पाणी किती खोल आहे म्हणून विचारलं.

वर्लन म्हणाला की जिथे मासे धरायचे तिथे आठ-दहा फूट, मधली जहाजांची वाट ओलांडताना मात्र पन्नासच्या वर. जुनेलनं एक लाइफ जॅकेट अंगात घातलं आणि दुसरं मांडीवर घेतलं.

"जुनेल, तिसरंही घे," हॉलिस म्हणाला. "डोक्यावर बांधू."

"तू बुडलास तर तुला लागेल म्हणून घेतलंय," ती म्हणाली.

वर्लननं दोघांना उजव्या अंगाला बसवलं आणि होडी काढली.

हवा उबदार होती, दक्षिणेचा मंद वारा होता, आकाश स्वच्छ. वर्लननं पहाटे अंदाज पाहिला होता. दुपारनंतर कुठेकुठे धुकं असं त्यात होतं, आणि ते तर बारा वाजता परत येणार होते. तरी धक्का सुटल्यापासून त्याचं लक्ष दक्षिणेकडे होतं. पाणी अजून हिवाळ्याचं गार आणि वर वारा असा कोमट, याचा अर्थ त्याला अंदाजाशिवायही कळत होता. जहाजांची वाट त्यांनी पाच मिनिटांत ओलांडली. ही वाट खाडीच्या तोंडातून उत्तर-दक्षिण जाते, मोबीलच्या बंदराकडे जाणारं प्रत्येक जहाज तिच्यातून जातं. तिच्या पलीकडे, पूर्वेला, डिक्सी बार नावाचा वाळूचा बुडालेला दांडा आहे. त्या दांड्यावर मासे होते. त्या दिवशी पंधरा-सोळा होड्या तिथे होत्या.

पहिला तास छान गेला. हॉलिसला दोन लाल मासे मिळाले, दोन्ही हातभर लांबीचे, मजेपुरते धरून दोन्ही सोडून दिले. जुनेल डोळे मिटून कठडा धरून बसली होती. तिच्या हातात वर्लननं एक गळाची काठी नुसतीच दिली, आणि पाच मिनिटांत काठी अशी वाकली की तिला उठून उभं राहावंच लागलं. तिनं वीस मिनिटं तो मासा खेळवला, कुणाला हात लावू दिला नाही. मासा वर आला तेव्हा ती हसत होती आणि तिच्या हनुवटीवर घाम होता. वर्लननं मासा पाण्यात सोडला, मान वर केली, आणि नैऋत्येचं सँड आयलंडचं दीपगृह खालून अर्धं नाहीसं झालेलं त्याला दिसलं.

दहा मिनिटांत धुकं दांड्यावर आलं. आधी लांबच्या होड्या गेल्या, मग जवळच्या, मग हॉलिसनं टाकलेला गळ जिथे पाण्यात पडला ती जागाही गेली. हवा गार झाली. जुनेलनं विचारलं की आता काय करायचं, आणि वर्लन म्हणाला की थोडं थांबू.

शहाण्या कॅप्टननं तिथेच नांगर टाकला असता. दांड्यावर पाणी उथळ, तिथे जहाज येऊ शकत नाही; बसून राहायचं, घंटा वाजवायची, धुकं उठेल तेव्हा उठेल. वर्लनला हे ठाऊक होतं. त्यानं नांगर काढून पायाशी ठेवलाही होता. पण बाकीच्या होड्या घरी निघाल्या होत्या. त्यांची इंजिनं धुक्यात सुरू होत होती, एक, मग दुसरं, मग तीन एकदम, आणि वर्लनला ती सगळी आपल्या उजव्या खांद्याशी वाटत होती. त्यानं उजवीकडे पाहिलं तर काही नव्हतं. एवढ्यात डावीकडून एक होडी धुक्यातून निघून वीस हातांवरून गेली, तिच्यावरच्या माणसानं हात केला आणि ती पुन्हा धुक्यात गेली. वर्लनला ती येताना मुळीच कळली नव्हती. आपण इथे बसलो आहोत आणि कुठूनही काहीही अंगावर येऊ शकतं, आणि आल्यावरच आपल्याला कळणार आहे, हे एवढंच त्याच्या डोक्यात राहिलं. त्याला तिथून निघायचं होतं. तो भीतीनंच निघाला, पण हॉलिसला त्यानं सांगितलं की मिस जुनेलना थंडी वाजतेय, आपण हळूहळू जाऊ.

अगदीच बेफिकीर तो नव्हता. वाटेच्या कडेला येऊन त्यानं इंजिन मंद ठेवलं आणि रेडिओवर विचारणा केली. एका जहाजाच्या पायलटनं, म्हणजे वाटाड्यानं, उत्तर दिलं की आम्ही बंदरातून बाहेर निघालोय, दहा मिनिटांत तुमच्या समोरून जाऊ. ते थांबले. जहाज आलं, उत्तरेकडून, म्हणजे वर्लनच्या उजव्या बाजूनं. दिसलं नाही, पण त्याच्या इंजिनाची धडधड होडीच्या तळातून पायांना लागली, भोंगा एकदा लांब वाजला, आणि मग ते दक्षिणेकडे, समुद्रात निघून गेलं. त्याच्या लाटांवर होडी बराच वेळ डुलत राहिली. वर्लन पुढे वाकून, उजवा कान धुक्याकडे करून ऐकत होता. रेडिओ त्याच्या डाव्या हाताला होता. त्यावर कुणीतरी काहीतरी बोललं. वर्लनला एवढंच कळलं की घरघर होतेय, आणि त्याला वाटलं ते गेलेल्या जहाजाचंच आहे.

नकाशाच्या पडद्यावर त्याची होडी बाणासारखी दिसत होती आणि वाट म्हणजे दोन समांतर रेघा. त्यानं बाण पश्चिमेकडे वळवला आणि पहिली रेघ ओलांडली.

बाण दोन रेघांच्या मधोमध आला तेव्हा भोंगा वाजला. एक लांब, दोन आखूड. हा जहाजाचा नव्हे. टग, म्हणजे ढकलायची बोट, जेव्हा पुढे बार्ज, म्हणजे मालाचा प्रचंड चपटा तराफा, ढकलत चाललेला असतो तेव्हा असं वाजवतात. आणि तो जवळ होता.

वर्लनच्या कानाला तो उजवीकडून आला. त्याचा हात सुकाणू डावीकडे फिरवायला निघालासुद्धा होता, डावीकडे वळून पूर्ण वेगानं पळायचं, पश्चिमेची रेघ गाठायची. मग त्याला आठवलं की सगळंच उजवीकडून येतं. त्याचा हात चाकावर थांबला. त्यानं इंजिन बंद केलं.

एकदम शांत झालं. होडीच्या अंगाला पाणी चुळचुळत होतं, ओहोटीचं पाणी, आणि ते होडीला दक्षिणेकडे ओढत होतं. पडद्यावरचा बाण रेघांच्या मधून खाली सरकायला लागला. टग उजवीकडे असेल तर ही ओहोटी आपल्याला त्याच्यापासून लांब नेतेय. डावीकडे असेल तर थेट त्याच्या तोंडात.

हॉलिस म्हणाला, "बंद का केलंत? चला ना."

पुन्हा भोंगा. एक लांब, दोन आखूड. वर्लननं डोकं इकडून तिकडे वळवलं, कोंबडी वळवते तसं. काही फरक पडला नाही. धुक्यानं सगळीकडून आवाज आत घेतला होता आणि त्याच्या एकाच कानात ओतला होता. रेडिओ उचलून तो बोलला, आपण कुठे आहोत ते सांगितलं, पण त्याचा स्वतःचाच आवाज त्याला अनोळखी वाटला, आणि उत्तर यायला लागेल तेवढाही वेळ थांबायला उरलेला नव्हता. मोठ्या बार्जला थांबायला अर्धा मैल लागतो. ढकलणाऱ्यानं आता इंजिन उलटं फिरवलं तरी काही उपयोग नाही.

जुनेल पुढे बसली होती, कठड्याला धरून, आणि तिनं मान डावीकडे वळवली होती. इंजिन बंद झालं तेव्हापासून ती त्याच दिशेला पाहत होती. वर्लनला ते दिसलं.

"मिस जुनेल," तो म्हणाला, "तो कुठून येतोय?"

तिला वाटलं, तो तिला धीर देण्यासाठी बोलतोय. ती डावीकडेच पाहत राहिली.

"मला सांगा. माझा डावा कान मेलाय. मला आवाज येतो, पण कुठून येतो ते कळत नाही. मला खरंच कळत नाही."

हॉलिस उभा राहिला. "रेडिओवर मघाशी कुणीतरी बोलत होतं," तो म्हणाला. "बार्ज आत येतेय म्हणून. मला वाटलं तुम्ही ऐकलंत."

"खाली बस, हॉलिस," जुनेल म्हणाली. "गप्प बस." आणि तिनं डोळे मिटले.

जुनेल एकटी राहायची, डेमोपोलिसच्या बाहेर, एका वळणावरच्या घरात. तिची टपालपेटी रस्त्याच्या पलीकडे होती, आणि त्या रस्त्यावरून दिवसभर लाकडांचे ट्रक सुसाट जायचे. नवरा गेल्यापासून अकरा वर्षं ती रोज तो रस्ता ओलांडत होती. वळणामुळे ट्रक दिसत नसे, थांबून ऐकावं लागे. हे तिनं नंतर सांगितलं. त्या वेळी तिनं फक्त हात उचलला आणि डावीकडे, जरा पुढे दाखवला. नैऋत्येला.

भोंगा तिसऱ्यांदा वाजला. तिचा हात थोडा उजवीकडे सरकला.

"पुढे सरकतोय," ती म्हणाली. "आपल्या समोरून जाणार. आपल्यावर येत नाहीये, समोरून जाणारेय. तिकडे नका जाऊ."

म्हणजे टग वाटेच्या पश्चिमेच्या कडेनं येत होता. बार्जला जहाजाइतकं खोल पाणी लागत नाही, आणि मघाच्या जहाजाला मध्य मोकळा ठेवायला तो कडेला सरला असणार. वर्लन डावीकडे वळून पळाला असता तर नेमका त्याच्या पुढ्यात गेला असता. त्यानं इंजिन सुरू केलं आणि होडी मागे घेतली, मागे, पूर्वेकडे, पाणी मागच्या फळीवरून आत येईपर्यंत. जुनेलचा हात हवेतच होता. तो खाली आला नाही. वर्लन पडद्याकडे पाहत नव्हता. तो तिच्या बोटाकडे पाहत होता.

मग धुकं समोर काळं झालं. आधी ते नुसतं गडद झालं, मग त्यात रेघ उमटली, मग ती रेघ गंजलेल्या लोखंडाची भिंत झाली. दोन मजली घराएवढी. तिच्या पुढच्या चपट्या तोंडाखाली पाणी पांढरं होऊन आत ओढलं जात होतं, आणि त्या पाण्याचा जो आवाज होता तो वर्लन मरेपर्यंत विसरणार नाही, धरणाचं दार उघडल्यासारखा. ती समोरून जात राहिली. एक बार्ज, मग तिला जोडलेली दुसरी. पन्नास हात असेल अंतर, कमीच असेल. वर कुठेही माणूस दिसला नाही. शेवटी टग आला, त्याच्या खिडकीतला पिवळा उजेड दिसला, आणि धुक्यानं तोही घेतला. लाट आली तेव्हा होडी एका अंगावर इतकी कलली की शेंगांची पिशवी, गळांची पेटी आणि हॉलिस सगळे एकमेकांवर पडले.

जुनेलनं हात खाली आणला आणि दुसऱ्या हातानं धरून ठेवला.

वर्लननं होडी पूर्वेकडे नेली, पुन्हा दांड्यावर, आणि सहा फूट पाण्यात नांगर टाकला. दोरीची गाठ त्याला तीनदा मारावी लागली. त्यानं टगला रेडिओवर सांगितलं की आम्ही बाजूला आहोत. टगवरच्या माणसानं काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि वर्लननं ते सगळं ऐकून घेतलं.

तीन तास ते तिथे बसून राहिले. दर मिनिटाला वर्लन घंटा वाजवायचा. मध्ये जुनेलनं डबा उघडून सँडविचं काढली, चीज आणि लाल मिरचीची, आणि सगळ्यांना दिली. हॉलिसनं खाल्लं नाही. तो वर्लनकडे पाठ करून बसला होता. तसाच तो म्हणाला, "तुला माहीत होतं. तुला माहीत असून तू माझ्या बहिणीला घेऊन आलास." पाच वर्षांत त्यानं वर्लनला कधी अरेतुरे केलं नव्हतं. वर्लन म्हणाला, हो.

नंतरही भोंगे वाजत राहिले, जवळचे, लांबचे. प्रत्येक वेळी जुनेल न सांगता हात करायची आणि वर्लन तिकडे पाहायचा. तो कुठल्याच जहाजाच्या वाटेत नव्हता, त्याला काही करायचं नव्हतं. तरी भोंगा वाजला की तिचा हात उठेपर्यंत तो घंटा वाजवायचाही थांबायचा. दोन वाजता वारा फिरला, धुकं फाटलं, आणि डॉफिन बेटाची पाण्याची टाकी दिसली, इतकी जवळ की जुनेलला आश्चर्य वाटलं. वाट ओलांडताना ऊन होतं आणि दोन्हीकडे मैलमैल मोकळं पाणी दिसत होतं. वर्लननं तरी तिला विचारलं की काही ऐकू येतंय का.

धक्क्यावर हॉलिस न बोलता गाडीकडे गेला. जुनेल मागे थांबली. तिनं दोन्ही लाइफ जॅकेटं घडी करून बाकावर ठेवली आणि वर्लनला सांगितलं की बायकोला आजच सांगा, उद्यावर टाकू नका. पुन्हा पाण्यावर येणार का, असं त्यानं विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. ती पुन्हा आली नाही. हॉलिसही नाही.

नेल्डाला त्यानं त्याच संध्याकाळी सांगितलं, स्वयंपाकघरात, उभ्यानंच. ती रागावली नाही, आणि त्यामुळे त्याला जास्त वाईट वाटलं. ती म्हणाली की नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणापासून मला माहीत आहे, तुझ्या डाव्या बाजूनं मी काय काय बोलले ते तू कधीच ऐकलं नाहीस. तू सांगशील म्हणून वाट पाहत होते. मग ती बसली आणि रडली. ती कानासाठी रडत नव्हती. बार्ज किती जवळून गेली, हे त्यानं खरं सांगितलं होतं.

कॅप्टनच्या परवान्यासाठी त्यानं स्वतःहून डॉक्टरचा कागद दिला. परवाना राहिला, अटी घालून. पण अटींपलीकडे त्यानं स्वतःच ठरवलं की जहाजांची वाट पुन्हा ओलांडायची नाही. आता तो बेटाच्या मागच्या बाजूला, गवताळ पाणथळीत आणि कालवांच्या खडकांवर गिऱ्हाइकांना नेतो. तिथे पाणी कमरेएवढं असतं. मासे लहान मिळतात. धुक्याचा नुसता संशय असला तरी तो फोन करून खरं कारण सांगतो, आणि बरीचशी माणसं दुसरा कॅप्टन बघतात.

बाकीच्या कॅप्टनना सांगायला त्याला मे उजाडला. दुपारची वेळ होती, धक्क्यावरच्या लांब टेबलापाशी चार-पाच जण मासे साफ करत होते, पेलिकन पक्षी खाली तोंडं उघडून उभे होते. कुणीतरी नेहमीसारखं म्हणालं की येत्या धुक्यात वर्लनला पुढे घालू. वर्लननं सुरी खाली ठेवली आणि सगळं सांगितलं. कान, बार्ज, बाईचा हात, सगळं. तो खाली मासळीच्या खवल्यांकडे बघत बोलला. आता हसतील किंवा शिव्या घालतील, असं त्याला वाटत होतं.

नळाचं पाणी वाहत राहिलं. मग थर्मन, त्यांच्यातला सगळ्यात म्हातारा, चाळीस वर्षं माणसांना समुद्रावर नेणारा, मासा उलटा करत म्हणाला, "मला अंधारून आलं की समोरच्या होडीच्या दिव्यांचे रंग कळत नाहीत. लाल कुठला, हिरवा कुठला, होडी येतेय की जातेय. दोन वर्षं झाली."

"मग तू करतोस काय?" एकानं विचारलं.

"लवकर परत येतो," थर्मन म्हणाला. "जमलं तर."

त्याच्या शेजारच्या कॅप्टननं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पुन्हा मिटलं आणि तो सुरीला धार लावायला लागला. सगळे पुन्हा कामाला लागले. वर्लनच्या छातीवरचं ओझं क्षणभर उतरलं खरं. पण घरी जाताना बेट आणि किनारा जोडणाऱ्या पुलावर त्यानं गाडी हळू केली. खाली खाडी उन्हात चमकत होती, आणि तिच्यावर सगळीकडे होड्या होत्या, पांढऱ्या, लहान, पन्नास तरी असतील, प्रत्येकीत माणसं. वर्लन एकेका होडीकडे पाहत गेला, ती चालवणाऱ्याला काय दिसत नसेल, काय ऐकू येत नसेल, असं मनाशी विचारत.